चोवीस नंबरची तार

देवपूरच्या शाळेतून निवृत्त होऊन मी तापीकाठच्या आमच्या गावी आलो, तेव्हा विजेवरचं एक पुस्तक सोबत होतं. तेवढ्यावरून गावानं मला त्या विषयातला जाणकार ठरवलं. मला नाही म्हणता आलं नाही.

वना नावाडी नरडाण्याच्या स्टेशनाकडे जाणारा कापूस पलीकडे पोचवी. थंडीत लवकर अंधारतं, म्हणून त्यानं मोडीत निघालेल्या लॉरीची बॅटरी आणि दोन दिवे मिळवले. बॅटरी नावेच्या मागल्या टोकाला, दिवे पुढच्या, मधली तार फळ्यांखालून.

"नाना, तार कोनती लई येऊ? लिखी द्या."

दोन्ही दिव्यांना मिळून बारा अँपियर लागतात, हे गणित मी तीनदा केलं. कोष्टकात बारासाठी सोळा नंबरची तार होती. कमी पडायला नको म्हणून मी चिठ्ठीवर चोवीस लिहिलं. शिवाय पंधरा अँपियरचा फ्यूज. वनानं दोन्ही धुळ्याहून आणलं.

पहिल्या दिवशी कापसाच्या गाठी चढवून झाल्यावर त्यानं दिवे लावले. ते पिवळट, मरगळलेले पेटले. जरा वेळानं रबर जळल्याचा वास आला.

"नाना, तार तपी ऱ्हायनी," वना म्हणाला.

मी पुस्तक उघडलं. फ्यूज शाबूत होता, मग धोका कसला? तार तर मी मोठी लिहिली होती. गणित चुकलं की बॅटरी? काहीच उमगेना. गाठींखाली ती तार होती, आणि वना दोर सोडायला निघाला होता.

काठावर त्याची आई ताईबाई टकळीवर सूत कातत बसली होती. तिची वीस वर्षं गिरणीत सूत गुंडाळण्यात गेली होती.

"कितला नंबरनी तार शे?" तिनं विचारलं.

"चोवीस. सोळा चालली असती, पण मी वाढवून घेतली."

"मंग बारीक घिदी ना. नंबर वाढस तसं सूत बारीक व्हस."

"ते सुताचं, अक्का. हे तांबं आहे."

"इतलं जाडं पुस्तक, त्यामा हाई नही लिखेल?"

लिहिलेलं होतं. शेजारच्याच रकान्यात जाडी होती, आणि नंबर चढताना ती उतरत होती. तो रकाना मी वाचलाच नव्हता. फ्यूज पंधरापर्यंत गप्प बसणार; त्याआधी तारच पेटणार.

"वना, थांब," मी म्हणालो. "माझी चूक झाली. गाठी उतरव."

"पलीकडे गाड्या वाट पाही ऱ्हायन्यात, नाना."

मी नावेत चढलो आणि फ्यूज उपटून काढला. असं काही मी आयुष्यात केलं नव्हतं.

वनानं गाठी उतरवल्या, फळी उचलली. तारेच्या रबरावरचं सुती वेष्टण तपकिरी पडलं होतं. त्यानं एक टोक माझ्या हातात दिलं. ते अजून गरम होतं.

"आते कोनता नंबर लिखतस?"

मी सोळा लिहिलं. मग शंका आली, चौदा बरी का? की पुन्हा उलटंच होतंय? मी चिठ्ठी ताईबाईपुढे धरली.

"माले कोठे वाचता येस?" ती म्हणाली. "तुम्हीच वाचा."

मी वाचलं, "सोळा." तिनं होकाराची मान हलवेपर्यंत चिठ्ठी वनाच्या हाती दिली नाही.