होय म्हणालो ती छबी

हे लिहावं की नाही, यातच बरीच वर्षं गेली. जावातल्या आमच्या सुलतानांच्या राजवाड्यात माझा थोरला भाऊ कर्तो विड्याचा डबा सांभाळी आणि मी कॅमेऱ्याने काचेवर छबी काढी. दादाला क्षय झाला होता. वैद्यांनी हात टेकले होते. गावी आईची दृष्टी मंदावत चालली होती. तिचा एकच निरोप यायचा: "दिसतंय तोवर कर्तोचं तोंड पाठव."

नोकराची वेगळी छबी काढायची रीत नव्हती. पण गरेबेगच्या सणाला, भाताचे रचलेले डोंगर मिरवत मशिदीकडे निघण्याआधी, सुलतान सिंहासनावर बसत आणि दादा त्यांच्या मागे मांडी घालून. तेवढ्यात साधायचं ठरलं.

"आठ मोजेपर्यंत हलू नकोस," मी आदल्या दिवशी बजावलं.

"वीस वर्षं तिथं हललो नाही. तू तुझं खोकं सांभाळ."

"आणि खोकला?"

"तो सुलतानांना विचारूनच येतो," दादा म्हणाला आणि हसता हसता खोकला.

दुसऱ्या दिवशी मी झाकण काढलं. दुसऱ्याच आकड्याला दादाने खोकला गिळला. तो आवाज सुलतानांनी ऐकला. मान न वळवता, मिशीतल्या मिशीत त्यांनी विचारलं, "बरं नाही का रे?"

खुद्द मालक बोलले. दादाचे हात जुळले, नाकापाशी गेले, मान खाली झुकली. आमच्याकडे हे हात आपोआप जातात.

शेजारच्या अंधाऱ्या तंबूत जाऊन काच धुतली. सुलतानांच्या अंगरख्याचा धागा न् धागा आला होता. त्यांच्या मागे दादाचे जोडलेले हात, आणि चेहऱ्याच्या जागी धूर.

दुसरी काच तयार होती. ओली होती तोवरच कामाची. बाहेर आलो तर सुलतानांनी विचारलं, "नीट आली ना?"

त्यांना 'नाही' म्हणायचा शब्द आमच्या दरबारी बोलीत असेलही. मला तो कुणी शिकवला नव्हता.

"इंगिह," मी म्हणालो. होय, महाराज.

ते उठून गेले.

संध्याकाळी दादाने विचारलं, "आलो का मी?"

"हात आलेत. तोंड नाही."

"मग दुसरी काढायची होतीस."

 

पुढच्या गरेबेगआधी दादा गेला. काच फुटली, असं मी आईला कळवलं. तिला तेव्हा अजून दिसत होतं.