हैबतरावांच्या डोक्यावरचा पुदिना

मारुंजीत इंदूबाई आणि हैबतराव यांची तीन मजली इमारत आहे. खाली ते दोघं राहतात, वरच्या खोल्या भाड्यानं दिल्यात. गेल्या दिवाळीनंतर दुसऱ्या मजल्यावर गौतमी राहायला आली. मूळची पौडची, वडील मुख्याध्यापक, ती स्वतः हिंजवडीत नोकरीला. तिच्या दारातून कधी लिंबाचा, कधी गवती चहाचा, कधी नाव सांगता येणार नाही असा वास यायचा. इंदूबाईंनी महिनाभर जिना झाडता झाडता तो वास फुकटात घेतला आणि मग एका रविवारी सरळ दार वाजवलं.

"पोरी, तू आत शिजवतीस तरी काय?"

गौतमीनं हसून लाकडी पेटी उघडली. आत करंगळीएवढ्या तपकिरी बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. "शिजवत नाही काकू. ही फुलापानांचा अर्क काढून केलेली तेलं आहेत. इसेन्शियल ऑइल म्हणतात. थेंबाथेंबानं वापरायची, आणि अंगाला कधी नुसती लावायची नाहीत. दोन चमचे खोबरेल घ्यायचं, त्यात तीन-चार थेंब. बस."

इंदूबाईंना झोप लागत नव्हती, त्यासाठी उशीच्या कडेला लॅव्हेंडरचे दोन थेंब. टाचांच्या भेगांसाठी मेण, तिळाचं तेल आणि लिंबाच्या वासाचं काहीतरी एकत्र करून मलम. पंधरा दिवसांत इंदूबाई शांत झोपायला लागल्या आणि टाचा बघायला शेजारच्या बायका यायला लागल्या. मग फडताळात त्यांची स्वतःची बाटल्यांची ओळ लागली. गौतमीनं प्रत्येकीवर मराठीत नाव लिहून चिकटवलं.

हैबतरावांना हा मोठाच विनोद वाटला. त्रेसष्ट वर्षांचा, भरघोस मिशांचा, खिलार बैल पाळलेला माणूस. "दोन थेंबानं काय व्हतंय गं? आमी बैलाला औषध बांबूच्या नळ्यानं पाजायचो. नळाभर!"

"तुमी बैल असता तर तुमालाबी पाजलं असतं," इंदूबाई म्हणायच्या.

पण फेब्रुवारीत एका दुपारी, इंदूबाई भिशीला गेलेल्या असताना, हैबतराव जिना चढून गौतमीच्या दारात उभे राहिले. त्या दिवशी ती घरूनच काम करत होती. त्यांनी आधी नळाला पाणी नीट येतंय का विचारलं. मग पंखा फिरतोय का विचारलं. शेवटी डोक्यावरची टोपी काढली.

"हितं मागं जरा इरळ झालंय. कशानं काय उगवतंय का?"

गौतमीनं हसू कसंबसं आवरलं. "खात्री नाही देत काका. पण रोझमेरीच्या तेलानं काहींना फरक पडतो."

"रोज मारी? ह्ये नाव हाय का तक्रार?"

तिनं खोबरेलात कालवून एक बाटली दिली. हैबतरावांनी ती इंदूबाईंच्याच फडताळात, मागच्या रांगेत लपवली. एवढ्या बाटल्यांत अजून एक कुणाला दिसणार होती? रोज सकाळी बायको देवपूजेला बसली की ते गुपचूप डोक्यावर चोळायचे. इंदूबाईंना चौथ्या दिवशीच कळलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. असं गुपित हातात असलं की संसाराला चव येते, असं त्यांचं मत होतं.

वैशाखात कासारसाईला कांचनचा साखरपुडा ठरला. कांचन म्हणजे इंदूबाईंच्या धाकट्या भावाची, जनार्दनची, मुलगी. आता हैबतराव आणि जनार्दन यांचं तीन वर्षं बोलणं बंद होतं. यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीत माईक जनार्दनच्या हातात होता. निशाण पडायच्या आधी हैबतरावांचा गाडा सुटला, आणि जनार्दननं घाटावरच्या सगळ्या गर्दीला ऐकू जाईल असं सांगितलं, "हैबतरावांचा गाडा बाद!" नियमानं तो बादच होता. पण मेव्हण्यानं माईकवरून सांगावं, हे हैबतरावांच्या मनातून जाईना. तीन दिवाळ्या भाऊबीजेला इंदूबाई एकट्याच माहेरी गेल्या होत्या.

"मी यीन," हैबतराव म्हणाले. "मागं बसंन, जेवंन, उटंन. बोलायचं मात्र सांगू नको."

निघायच्या घाईत ते फडताळापाशी गेले. चार लोकांत टोपी काढावी लागली तर डोकं जरा तुकतुकीत दिसावं, एवढीच इच्छा. चष्मा लावला नव्हता, कारण चष्म्यानं म्हातारं दिसतं असं त्यांचं ठाम मत होतं. हाताला आली ती बाटली घेतली आणि तळहातावर भरपूर ओतून विरळ जागेवर घसाघसा चोळली. गारगार वाटलं. उन्हाळ्यात बरंच की, असं म्हणून त्यांनी टोपी घातली.

ती पुदिन्याच्या तेलाची बाटली होती. त्यात खोबरेलाचा थेंबही नव्हता.

गाडीत बसल्या बसल्या इंदूबाईंनी नाक वर केलं. "पुदिन्याचा वास येतुया."

"शेतात असंल कुणाच्या," हैबतराव म्हणाले. नेरे गाव मागं पडेपर्यंत डोकं गारेगार होतं. कासारसाईच्या वळणावर ते पेटायला लागलं.

मांडवात पत्र्याखाली दोनशे माणूस आणि तीन पंखे. हैबतराव मागच्या खुर्चीत जाऊन बसले. तेवढ्यात मानाचे फेटे बांधायला सुरुवात झाली आणि जनार्दन स्वतः फेटा घेऊन थेट त्यांच्यापुढं येऊन उभा राहिला. सगळा मांडव बघायला लागला. नाही म्हणायला जागाच नव्हती. हैबतरावांनी टोपी काढली आणि जनार्दननं एकही शब्द न बोलता, चांगला घट्ट, पाच मीटरचा फेटा बांधला.

आत पुदिना, वर फेटा, त्यावर वैशाख. पाच मिनिटांत घामाच्या धारेबरोबर तेल कपाळावरून भुवयांत उतरलं आणि तिथून डोळ्यांत. हैबतरावांनी डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. पाणी थांबेना. मिशा भिजल्या.

पुढच्या रांगेतल्या कुशाबांनी मागं वळून पाहिलं आणि शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. "आरं, हैबतराव रडतोय."

बातमी मांडवभर गेली. हैबतरावांना उभ्या आयुष्यात कुणी रडताना पाहिलं नव्हतं. बैल गेला तेव्हासुद्धा नाही. जनार्दनच्या कानावर गेलं तसा तो पाहुण्यांना सोडून धावत आला. समोरचे लालभडक डोळे बघून त्यानं त्यांचे दोन्ही हात धरले.

"दाजी! आवो, असं रडू नगा. चुकलं माझं. त्या दिशी माईक दुसऱ्याच्या हातात द्यायला पायजे व्हता."

हैबतरावांना म्हणायचं होतं की पाणी आणा. पण तोंडातून फक्त "जनार्दन..." एवढंच निघालं, आणि जनार्दननं त्यांना घट्ट मिठी मारली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कांचन नव्या साडीत येऊन पाया पडली.

इंदूबाई मात्र लांबून वास घेत होत्या. त्यांनी गर्दीतून वाट काढली, नवऱ्याचा दंड धरला आणि "जीव भरून आलाय त्यांचा, जरा आत बसवते," असं म्हणत त्यांना स्वयंपाकघरात नेलं. दार लावून गौतमीला फोन केला.

"नुसतं पुदिन्याचं? डोक्यावर?" गौतमी जवळजवळ ओरडलीच. "काकू, आधी फेटा काढा. डोक्याला, कपाळाला खोबरेल लावून कापडानं पुसून काढा, नुसत्या पाण्यानं तेल पसरतं. डोळ्यांत तेल घालू नका, डोळे भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवा. आग थांबली नाही तर डॉक्टरकडे न्या."

इंदूबाईंनी भावजयीच्या डब्यातलं खोबरेल घेतलं आणि स्टुलावर बसलेल्या नवऱ्याचं डोकं पुसायला घेतलं. मग डोळ्यांवर तांब्यामागून तांब्या पाणी. हळूहळू आग निवली.

"मला लपवून केस उगवायला निघाले व्हते," त्या म्हणाल्या.

"तुला म्हाईत व्हतं?"

"चौथ्या दिवशीपासनं."

हैबतरावांनी दाराकडं पाहिलं. बाहेर सनई वाजत होती. "भाईर सांगू नको," ते हळूच म्हणाले.

"येडी हाय का मी? तीन वर्सं सांगून जे झालं न्हाई, ते बाटलीनं केलं."

जेवायला जनार्दननं त्यांना स्वतःशेजारी बसवलं आणि तीनदा आग्रह करून श्रीखंड वाढलं. कुशाबा येऊन म्हणाले, "हैबतराव, मन लई मऊ हाय बरं का तुमचं." हैबतरावांनी मान खाली घालून पुरीचा तुकडा मोडला.

परतीच्या वाटेवर कासारसाई धरणाच्या काठाला त्यांनी गाडी थांबवली. वारा सुटला होता. डोळे अजून थोडे लाल होते.

"आता खरं सांगा," इंदूबाई म्हणाल्या. "समदं पाणी पुदिन्याचंच व्हतं?"

हैबतरावांनी पाण्याकडं बघत मिशा सारख्या केल्या. "सुरवातीचं पुदिन्याचंच."

"आन मागचं?"

"मागचं तू इचारू नगस."

इंदूबाई तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. हैबतराव चिडल्यासारखं करत गाडीला फेरी मारून आले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पडद्यावर जनार्दनचं नाव होतं. त्यांनी एकदा बायकोकडं पाहिलं, घसा खाकरला आणि फोन कानाला लावला.

"हां, बोल. धरणापाशी हाय आमी. न्हाई न्हाई, आता बरं वाटतंय." मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "दुपारी पंगतीत नुस्ता वाढीतच व्हतास. तू जेवलास का रं?"