उलटं फिरलेलं इंजिन

रामरावांची अट सोपी होती. त्यांचा जुना ट्रक आपल्या ताकदीनं आवाराच्या गेटाबाहेर गेला तर माझा, नाही गेला तर अकोल्याच्या पुंजाजी भंगारवाल्याचा. पुंजाजी क्रेन घेऊनच शेंदूरजनाघाटला आला होता आणि गेटाशी निवांत बिडी ओढत होता.

मी बडनेऱ्याची संध्या, रेल्वेची डिझेल इंजिनं दुरुस्त करते. माझ्या लहानपणी हा ट्रक संत्र्याच्या पेट्या घेऊन बडनेरा स्टेशनावर यायचा. टू-स्ट्रोक डिझेल! बाकीच्या ट्रकांच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा डिझेल पेटतं, यात दर फेरीला. ऐकणाऱ्याला वाटावं, गाडी सुसाट सुटली, आणि ती येत असते बैलगाडीच्या चालीनं. तो आवाज पुन्हा ऐकायचा म्हणून मी कितीतरी रविवार इथे ग्रीसमध्ये हात घालून बसले. कुणाला सोन्याची हौस असते, मला ही आहे. कुणाच्या बापाचं काय जातं?

स्टार्टर कामातून गेलेला, त्याचे सुटे भाग आता मिळत नाहीत. म्हणून रामरावांच्या मुलानं, गोपालनं, ट्रॅक्टरला दोर बांधून ट्रक गेटाकडच्या चढावर ओढायला घेतला. मी दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून बसले. अर्ध्या चढावर दोर तुटला. ट्रक मागे घसरायला लागला, ब्रेक नावालाच. घाबरून मी क्लच सोडला आणि इंजिन धडाडून सुरू झालं. खाली सपाटीवर ट्रक कसाबसा थांबवला. इंजिन चालूच. गोपाल टाळ्या वाजवत धावत आला.

मग मला धूर दिसला. तो सायलेन्सरमधून नाही, जिथून इंजिन हवा आत घेतं त्या एअर फिल्टरमधून येत होता. मागे घसरताना पुढचा गिअर तसाच ठेवून मीच इंजिनाला उलटं फिरवलं होतं, आणि टू-स्ट्रोकला सुलटं काय, उलटं काय, सारखंच.

"मंग रिव्हर्स टाका ना ताई!" गोपाल म्हणाला. "इंजिन उलटं, गिअर उलटा, गाडी सरळ गेटाबाहेर!"

बरोबर होतं त्याचं. ट्रक बाहेर गेलाही असता. पण इंजिन उलटं फिरलं की ऑइलचा पंपही उलटा फिरतो, आत थेंबभर ऑइल पोचत नाही. अट पुरी करून मला जळकं लोखंड मिळालं असतं. मी डिझेल बंद केलं.

"बंद काहून केली?" रामराव ओरडले. "इतक्या वर्सांनी चालू झाली! डोक्स फिरलं का तुयं?"

"इंजिन फिरलं काकाजी. मायं डोक्स जाग्यावर हाय."

पुंजाजी हसत होता. मी सरळ त्याच्याकडेच गेले. "भाऊ, हिले क्रेननं गेटापर्यंत ओढून द्या. नाई चालली तर तिथूनच उचला."

"उचलायचीच तर हाय," तो म्हणाला आणि वायर लावली. वायर मुंगीच्या चालीनं ओढत होती, तेवढ्यानं इंजिन सुरू होणार नव्हतं. ट्रक गेटाच्या आत उभा राहिला, तोंड रस्त्याकडे. मी रिव्हर्स टाकला.

"पुन्हा मागंच जाता का?" गोपालनं विचारलं.

"मागंच. पण यावेळी गिअरही मागचा, म्हंजे इंजिन सुलटं."

मी खूण केली तसा पुंजाजीनं हूक सोडला. ट्रक घसरला. त्याला थोडा वेग धरू दिला. क्लच सोडला. एक आचका, दुसरा आचका, आणि सायलेन्सरमधून काळा लोट उठला. सायलेन्सरमधून! सगळं आवार त्या आवाजानं भरून गेलं. मी पहिला गिअर टाकला आणि चढ चढले. पुंजाजीनं आपली क्रेन स्वतःच बाजूला घेतली.

रस्त्यावर रामराव डोळे पुसत समोर आले. "संध्या, आता द्यावीशी नाई वाटून राहिली मले."

"शब्द देल्ला हाय तुमी."

मलाही भरून आलं होतं. मी पलीकडचं दार ढकललं. "बसा. अमरावतीपर्यंत चला."

"अन् वापस?"

"वापस एसटीनं या."

ते मला शिव्या देत वर चढले.