गाडी देताना कानात सांगायचं ते

आमच्या कास्तेलनेरोच्या रस्त्यांवर वर्षातून एकदा मोटारींची शर्यत व्हायची, आणि त्या दिवशी पाद्रीबाबासुद्धा प्रार्थना भराभर उरकायचे. माझा नवरा नेव्हिओ याच गावचा. देशोदेशी गाड्या पळवून झाल्या, दुसरा आला, तिसरा आला, हाडं मोडून घेतली, पण पहिला कधी आला नाही. गुत्त्यातले टवाळ त्याला विचारायचे, "लग्नात तरी पहिला आलास का रे, की तिथंही दुसराच?" तो हसायचा. मला मात्र त्यांच्या डोक्यात बाटली घालावीशी वाटायची.

त्या साली त्यानं मला सांगितलं होतं, की आता बास, हे शेवटचं वर्ष. गुडघा साथ देत नव्हता. म्हणजे गावासमोर पहिला येण्याची संधी ती एवढीच. आणि त्या दुपारी तो खरोखरच सगळ्यांच्या पुढे होता.

मी पिटच्या, म्हणजे गाड्या दुरुस्तीला थांबतात त्या जागेच्या, कठड्यावर बसले होते. हातात स्टॉपवॉच, मांडीवर काळी पाटी. आम्हा बायकांचं ते कामच असायचं. वेळ मोजायची, खडूनं लिहायची आणि नवऱ्याची गाडी आली की पाटी उंच धरायची. तो समोरून जायचा तेव्हा आमच्या बाजूची सगळी मंडळी उठून ओरडायची. 

तेवढ्यात कोर्रादो पिटमध्ये चालत आला. मिलानच्या साबण कारखानदाराचा मुलगा, आमच्या संघाचा पहिला ड्रायव्हर, त्या वर्षीच्या अजिंक्यपदाच्या अगदी जवळ पोचलेला. त्याचा गिअरबॉक्स तुटला होता आणि कुणा शेतकऱ्यानं त्याला स्कूटरवर बसवून आणलं होतं. त्याला पाहिलं आणि मी पाटी मांडीवर पालथी घातली. त्या काळी तसा रिवाज होता. संघातल्या पहिल्या ड्रायव्हरची गाडी बंद पडली तर दुसऱ्यानं आपली गाडी त्याला द्यायची. सगळ्यांनी ते कबूल केलेलं असायचं, नेव्हिओनंही केलं होतं.

संघाचे मॅनेजर गेल्फी टोपी सावरत माझ्याकडे आले. "आर्जिया, पाटीवर लिही, 'आत ये'."

"कोणासाठी?" मला कळत होतं, तरी विचारलं.

"वेड पांघरू नकोस. नेव्हिओसाठी. कोर्रादो त्याची गाडी घेणार."

"तो पहिला आहे, साहेब. स्वतःच्या गावात."

"पहिली गाडी आहे. आणि गाडी माझी आहे."

"मग खडूही तुमचाच. लिहा तुम्हीच." मी पाटी त्यांच्या पोटावर ढकलली.

कोर्रादो मध्येच म्हणाला, "साहेब, मी मागितलेली नाही हं." तो वाईट मुलगा नव्हता. त्यामुळे तर मला त्याचा जास्तच राग आला.

गेल्फींनी लिहिलं. पाटी मात्र मीच धरली. मी नाही तर मेकॅनिक उरबानोनं धरली असती, आणि ही गोष्ट नेव्हिओला दुसऱ्या कुणाच्या हातून कळायला नको होती.

तो आला. त्यानं पाटी वाचली हे नक्की, कारण त्याची मान माझ्याकडे वळली. आणि तो तसाच निघून गेला.

"दिसलं नसेल," मी म्हटलं.

"त्याला चांगलं दिसलंय," गेल्फी दातओठ खात म्हणाले. "पुढच्या फेरीला आत आला नाही, तर त्याचा वर्षाचा हिशेब मी आजच संपवतो."

पुढच्या फेरीला तो आत आला. लोकांना आधी वाटलं टायर फुटला. मग हेल्मेट चढवलेला कोर्रादो दिसला आणि रस्ताभर शिट्ट्या, शिव्या, संत्र्यांची सालं. नेव्हिओ स्टिअरिंगवर हात टेकून क्षणभर बसून राहिला, मग दुखऱ्या गुडघ्यावर जोर देत उतरला.

गाडी देताना एक गोष्ट करायचीच असते. उतरणाऱ्यानं बसणाऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन गाडीचं दुखणंखुपणं सांगायचं. कुठला गिअर अडतो, कुठल्या वळणावर तेल सांडलंय. एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसंही हे सांगायची. कोर्रादो आत बसला आणि मान वर करून काहीतरी म्हणाला. नेव्हिओ वाकला, त्याच्या कानात एखादाच शब्द बोलला आणि माझ्याकडे चालत आला. कोर्रादोनं अंगठा वर केला.

मी नेव्हिओला पाण्याची बाटली दिली. चेहरा तेलानं काळा, फक्त चष्म्याखालची कातडी गोरी. मी म्हटलं, "बघत बसू नकोस, पी." तो प्यायला नाही. उरबानो आणि इतर दोघे गाडी ढकलत होते. इंजिन सुरू झालं. तेवढ्यात नेव्हिओच्या हातातून बाटली पडली आणि तो धावत सुटला. तसला गुडघा घेऊन! त्यानं चालत्या गाडीची कड धरली, तिच्याबरोबर फरफटत गेला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "ब्रेक! आधी दोनदा दाब! दोनदा!"

गाडीनं हिसका दिला. तो रस्त्यावर तोंडावर पडला.

उरबानोनं त्याला उठवलं. "काय झालं?"

"पेडल पहिल्यांदा दाबलं की पार तळाला जातं. दोनदा पंप केलं तरच धरतं."

"कधीपासून?"

"बराच वेळ झाला. मी वळणाच्या कितीतरी आधीपासून पंप करत होतो."

"त्यानं ऐकलं का?"

"माहीत नाही," नेव्हिओ म्हणाला. त्याच्या तळहातांतून रक्त येत होतं.

पिटपासून रस्ता सरळ खाली जातो आणि पिठाच्या गिरणीपाशी एकदम वळतो. तिथं दगडी भिंत आहे. कठड्यावरून ती दिसत नाही, नुसता गाड्यांचा आवाज येतो. कोर्रादोची आई शेजारीच जपमाळ घेऊन बसली होती. ती प्रत्येक शर्यतीला यायची. तिनं माझी बाही ओढली.

"काय गं ओरडला तो माझ्या मुलाला?"

"काही नाही, बाई. जपून जा म्हणाला."

"किती भला माणूस आहे तुझा!"

मघापासून मी त्या मुलाला मनात शिव्यांची लाखोली वाहत होते. आता मारियामातेला विनवत होते, की आई, त्याला ऐकू गेलेलं असू दे. गाडीचा आवाज चढत गेला. नेव्हिओ जिथं ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा ती जागा माझ्या कानांना पाठ होती. ती जागा आली आणि गेली. आवाज उतरला नाही. उरबानोनं डोळे मिटले. मग आवाज तुटला, टायर किंचाळले, आणि त्यानंतर काहीच ऐकू येईना. नेव्हिओनं माझं मनगट इतकं आवळलं, की एरवी मी ओरडले असते. आणि मग खालून, गिरणीच्या पलीकडून, दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत इंजिन पुन्हा चढू लागलं.

उरबानो मटकन जमिनीवर बसला. कोर्रादोच्या आईनं जपमाळेचा पुढचा मणी ओढला. तिला काही कळलंच नव्हतं.

शर्यत कोर्रादोनं जिंकली. गेल्फींनी दिसेल त्याच्या गालाचे मुके घेतले. नियमाप्रमाणे ती गाडी चालवलेले दोघेही पहिले. कोर्रादो नेव्हिओला ओढतच मंचावर घेऊन गेला आणि माईक हिसकावून बोलला, "पहिल्यांदा ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला! यानं सांगितलं नसतं तर आत्ता मला त्या भिंतीतून खरवडून काढत असता. ज्याची गाडी आम्ही हिसकावली, तोच जिवावर उदार होऊन माझ्यामागे धावला! करंडक याचा आहे!"

मग काय विचारता! अख्खं गाव ओरडत होतं, "नेव्हिओ! नेव्हिओ!" गुत्त्यातले टवाळ तर लहान पोरांसारखे रडत होते. मीही रडत मंचावर चढले. कोर्रादोच्या आईला आता सगळं कळलं होतं. ती खालून हात लांब करून नेव्हिओच्या रक्ताळलेल्या हाताचे मुके घेत होती आणि सोडायलाच तयार नव्हती. त्यानं दुसऱ्या हातानं करंडक कसाबसा छातीशी धरला होता.

"उचल की वर," मी म्हटलं. "आयुष्यभर वाट पाहिलीस."

"आर्जिया, त्यानं मला विचारलं होतं."

"काय?"

"गाडीत बसताना. ब्रेक कसे आहेत, असं स्पष्ट विचारलं होतं त्यानं. मी म्हटलं, उत्तम."

मला वाटलं गोंगाटात मी चुकीचं ऐकलं. "गडबडीत विसरला असशील."

"नाही. तुझ्यापर्यंत चालत आलो ना, तेव्हाही ब्रेकचं माझ्या ध्यानात होतं."

त्याच्या काळ्या चेहऱ्यावर आसवांच्या रेघा उठल्या होत्या. खाली लोकांना त्या आनंदाच्या वाटत होत्या आणि ते आणखी जोरात ओरडत होते. मला गेल्फींचा संताप आला, त्या पाटीचा आला, ह्याचा तर इतका आला की तिथंच थोबाडीत द्यावीशी वाटली. आणि त्याच वेळी त्याला माझ्या शालीखाली झाकून घरी घेऊन जावंसंही वाटलं. कोर्रादोची आई अजून त्याचा हात कपाळाला लावत होती.

"उचल," मी म्हटलं. "लोक बघताहेत."

त्याला एका हातानं जमेना, म्हणून करंडकाला खालून मीच जोर लावला.