मानलेला भाचा

हलिमाबीनं हवालदाराच्या हातातून पासपोर्ट घेतला, उघडून स्वतःचा फोटो पाहिला आणि पदराखाली धरला. जयपूरच्या सी-स्कीम भागात, हजच्या एजंटच्या ऑफिसबाहेर जिन्यावर पन्नासेक माणसं उभी होती. कुणी रडत होतं, कुणी बंद दाराला शिव्या देत होतं. परवाना नसताना हजला माणसं नेतो म्हणून पोलिसांनी एजंटला सकाळीच पकडलं होतं आणि दाराला सील ठोकलं होतं.

शेजारीण सुलोचना तिला धरून खाली घेऊन आली. दोघींचे नवरे मिरजेहून बदली होऊन जयपूरच्या रेल्वेत आले होते. हलिमाबीचा नवरा चार वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून तिनं हजचा ध्यास घेतला होता.

"भाभी, रडायचं असेल तर रडून घ्या," सुलोचना म्हणाली. "मेल्याचं वाटोळं होईल."

"आधी चहा पिऊ या."

कोपऱ्यावरच्या टपरीत हलिमाबीनं चहा घेतला, वर कचोरी मागवली. सुलोचना तिच्याकडे बघतच राहिली. गेले कित्येक दिवस ही बाई धड जेवली नव्हती. जायच्या आनंदानं भूक मेली असेल, असंच सगळ्यांना वाटत होतं.

"एकट्या बाईला जाता येत नाही," हलिमाबी हळू आवाजात म्हणाली. "सोबत घरचा पुरुष लागतो. एजंट म्हणाला, त्याची सोय आमच्याकडे आहे. जवळच्या टोंक गावचा एक माणूस उभा केला आणि म्हणाला, हा तुमचा भाचा. विचारलं कुणी, तर तसंच सांगायचं."

"कोण तो?"

"कुणास ठाऊक. मान खाली घालून उभा होता बिचारा. अल्लाच्या दारात जायचं, सुलोचना, आणि पहिलं बोलणं खोटं?"

"मग तेव्हाच नकार का नाही दिलात?"

"कसं म्हणू? सगळ्या कॉलनीनं हार घातले होते. जो तो म्हणायचा, आमच्यासाठी दुआ मागा." तिनं कचोरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. "आज ते सील बघितलं आणि छातीवरचा दगडच उतरला."

सुलोचनानं टपरीवाल्याचे पैसे दिले. मग ती म्हणाली, "कॉलनीत सांगू, सरकारनं अडवलं. तेही खरंच आहे."

"अर्धं खरं. सगळं मीच सांगते. मग मिरजेच्या भावाला विचारीन. तो सोबत आला तर सरकारी हज कमिटीत रीतसर अर्ज करू. नाही आला, तर नाही."

परतीच्या बसमध्ये हलिमाबी खिडकीशी बसली आणि सुलोचनाच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपली.

रेल्वे कॉलनीचा स्टॉप आला. कंडक्टरनं दोनदा आवाज दिला. सुलोचनानं तिला न उठवता पर्स उघडली आणि पुढच्या स्टॉपची दोन तिकिटं मागितली.