मयतासाठी राखलेली दोल

मी एक जुनी दोल आहे. दोल म्हणजे आमच्या स्विस डोंगरातली तांबडी वाइन, दोन जातींच्या काळ्या द्राक्षांची. माझ्यातली पिनो द्राक्षं युफ्रासीच्या माहेरच्या मळ्यातली, आणि गामे तिच्या नवऱ्याच्या, सिप्रियाँच्या मळ्यातली. मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सिप्रियाँ ते सोयीस्करपणे विसरला.

आमच्या खोऱ्यात माणूस आपल्या मयताची तयारी जिवंतपणीच करतो. खांदेकऱ्यांसाठी वाइन आणि चीजचं एक अख्खं चाक तळघरात राखून ठेवतो. सिप्रियाँने आम्हा बारा बाटल्यांना राखलं. तेव्हा तो चाळिशीचा, चांगला धडधाकट होता. नीट दिसाव्यात म्हणून त्याने आम्हाला आडवं न ठेवता उभं केलं आणि रोज येऊन धूळ पुसू लागला. "माझ्या मयताला गाव बोटं चाटेल," म्हणायचा. मला वाटायचं, काय माझं भाग्य!

चार-पाच वर्षांत मी ऐन भरात आले. हरणाच्या मटणाला, वाळवलेल्या मांसाच्या पातळ कापांना, भाजलेल्या चेस्टनटना माझ्यासारखी सोबत नाही. दर शरदात युफ्रासी हे सगळं मांडायची आणि म्हणायची, "अरे, एक तरी उघड. अर्धी माझ्या बापाची आहे."

"मी मेल्यावर पी की!"

"मग जरा मनावर घे ना!"

शेजारचा बाझिल पोट धरून हसायचा. सिप्रियाँ मात्र पिंपातली रोजची आंबूस वाइनच ओतायचा.

सहाव्या हिवाळ्यात युफ्रासीने अंथरूण धरलं. डॉक्टरांनी हात टेकले. तिने एवढंच मागितलं, उकडलेल्या बटाट्यावर वितळलेलं चीज आणि घोटभर दोल. सिप्रियाँ खाली आला. त्याने मला उचललं आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत नेलं. तिथे थांबला. "अकराच उरतील," तो पुटपुटला. "अकरांत एकट्या बाझिलचं भागायचं नाही." मग मागे फिरून त्याने मला जागेवर ठेवलं आणि पिंपाची तोटी सोडली.

वरचं बोलणं फळ्यांमधून ऐकू येत होतं.

"ही ती नव्हे," युफ्रासी म्हणाली.

"तीच आहे. तुझ्याच तोंडाची चव गेलीय."

"बापाची द्राक्षं ओळखते रे मी."

"पी गुपचूप."

ती प्यायली. तीन दिवसांनी गेली. तिच्या खांदेकऱ्यांनाही त्याने पिंपातलीच पाजली. "आपल्या मयताची सोय ज्याने त्याने करावी," असं वर सगळ्यांना ऐकवलं.

सिप्रियाँ त्यानंतर बावीस वर्षं जगला आणि रोज धूळ पुसत राहिला. उभं राहून राहून वाइन बुचाला लागेना, म्हणून आमची बुचं सुकली, आत हवा शिरली, माझा रंग विटकरी झाला. अखेर त्याला पुरून गाव घरी आलं. काठी टेकत आलेल्या बाझिलने पहिला घोट घेतला आणि तो तसाच खिडकीबाहेर थुंकला.

"मेल्याने जपून जपून व्हिनेगर केलं!"

चीज सुरीला दाद देईना, तेव्हा कुणीतरी करवत आणली. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसाचं तेवढंच पाणी. अकरा बाटल्या मोरीत गेल्या. मग बाझिल ओरडला, "अरे, पिंपातली आणा!" आणि सगळे पोटभर प्यायले.

मी बारावी. सिप्रियाँची भाची आता मला मिठाबरोबर चीजच्या तांब्याच्या कढईवर ओतते आणि खसाखसा घासते. कढई लख्ख निघते. तळाशी दोन-चार घोट उरलेत, तोवर सांगून घेते. मित्रांनो, चांगली वस्तू जरूर जपा, पण मागणारं माणूस जिवंत आहे तोवरच तिचं बूच काढा.

आणि एक कबूल करते. त्या दिवशी त्याने मला परत फळीवर ठेवलं, तेव्हा मी सुखावले होते. आपला मान राहिला, असं वाटलं होतं. त्यापेक्षा तिसऱ्या पायरीवर त्याच्या हातातून निसटून फुटले असते, तर निदान माझा वास तरी तिच्यापर्यंत पोचला असता.