शून्याचं बटण

सेन्सरवालीचा दिमाख काय सांगावा! पूल, टाक्या, गच्च्या, सगळ्यांची नाडी बघणारी बाई. राहत्या इमारतीच्या खालच्या खांबाला केसाएवढी चीर गेली, तर हिने तिच्यावरही सेन्सर बसवला. चीर अर्धा मिलिमीटर रुंदावली, की तारेने जोडलेला रस्त्यापलीकडच्या वॉचमनच्या खोलीतला भोंगा असा वाजणार, की भिंतीवरच्या पालीसुद्धा टपाटप खाली पडाव्यात. तीन आठवडे ती मोबाइलवर आकडा बघत होती. अर्ध्याच्या वर गेलाच नाही. "खांब ठणठणीत आहे," असं सासूलाही सांगून टाकलं.

आज कामावर निघताना वॉचमनकाकांच्या खोलीपाशी तिच्यासमोरच भोंगा वाजला आणि लगेच गप्प झाला.

"काका, काय केलंत?"

"बटण दाबलं. दाबलं की गप्प बसतं. शहाणं आहे हो तुझं यंत्र!"

ते शून्याचं बटण होतं. दाबलं की मागचं सगळं पुसून मोजणी पहिल्यापासून.

"किती वेळा दाबलंत?"

"रोज एकदा. माझा चहा झाला की ओरडतंच मेलं."

वीस दिवस. वीस अर्धे मिलिमीटर, म्हणजे अख्खा सेंटिमीटर! धावत जाऊन तिने खांबाला टेकवलेली कुणाचीतरी जुनी गादी ओढली. चिरेत करंगळीचं टोक आत गेलं. आतून करकर ऐकू येत होती, कुणी दात खात असल्यासारखी.

काका शिट्टी फुंकत शेजाऱ्यांना बाहेर काढू लागले. ती दुसऱ्या मजल्यावर पळाली.

सासू खुर्चीत बसलेली. "डोक्याला रंग लावलाय. अर्धा तास हलायचं नाही."

"आई, इमारत पडेल!"

"कालच ठणठणीत होती ना?"

"चुकलं माझं. पाया पडते, उठा!"

सून चुकलं म्हणाली! सासूचा चेहरा पांढराफटक पडला. उठायला गेली, तर पुन्हा खुर्चीतच बसली. सेन्सरवालीने तिला पाठीवर घेतलं. पायरीपायरीला डोक्यावर गिलावा पडत होता, मानेवरून काळा रंग ओघळत होता.

रस्ता ओलांडून दोघी काकांच्या खोलीपाशी टेकल्या, तोच भोंगा पुन्हा वाजला. सवयीने काकांचं बोट बटणाकडे गेलं. सासूने फाडकन हातावर चापट मारली.

"खबरदार! बोंबलू दे त्याला!"

भोंगा बोंबलत राहिला. सगळे शेजारी श्वास रोखून उभे.

आणि अचानक तो बंद पडला.

"मी नाही हं दाबलं," काका पुटपुटले.

सेन्सरवालीने खांबाकडे बोट दाखवलं. चीर इतकी फाकली होती, की तिथून आलेली तार तुटली होती.